काळे ठिपके कशाचे

जायकवाडी धरण आटलेलं, शहर मात्र चहूकडं वाढत चाललेलं. शहराच्या कडेला, सातारा परिसरातल्या आमच्या नव्या कॉलनीत नळ नव्हताच, सगळी मदार टँकरवर. आई देवगाव रंगारीहून माझ्याजवळ राहायला आली होती आणि मी मसुराएवढ्या पोलादी चकत्यांवर पीएचडी करत होते.

अणुभट्टीत किरणांचा मारा सोसून पोलादाला आतून कशी इजा होते, हा माझा विषय. चकत्यांवर तसाच मारा लांबच्या एका प्रयोगशाळेतून करून आणला होता. चकती झिजवून, धुऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ठेवली की इजेच्या जागी काळे ठिपके दिसायचे. माझं शेवटचं प्रकरण त्या ठिपक्यांवरच उभं होतं. आता एकच चकती उरली होती.

विभागातलं शुद्ध पाणी काढायचं यंत्र बंद होतं, कारण त्यालाच नळाचं पाणी लई लागायचं. मग मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी दुकानातून आणायचे. उरलेला कॅन घरी होता. एकदा टँकर आला नाही, तर आईनं तेच पाणी प्यायला उकळत ठेवलं आणि विसरली. पाणी आटलं, पातेल्याच्या बुडाला पांढरी खार धरली.

मी बघतच राहिले. शुद्ध पाण्याला खार कुठून? मेल्या दुकानदारानं टँकरचंच पाणी भरून विकलं होतं, आणि सगळ्या चकत्या मी त्यानंच धुतल्या होत्या. मग ते ठिपके इजेचे की खारीचे? आई म्हणत होती, घासलं की निघंल. मी तिच्यावरच खेकसले.

पीएचडीच्या मार्गदर्शक सरांना सगळं सांगितलं; ते रागावले नाहीत, त्याचीच जास्त धास्ती वाटली. ठिपके खारीचे निघाले तर प्रकरण काढून टाका, म्हणाले. शिवाय सूक्ष्मदर्शक थंड ठेवायचं पाणी संपत आलेलं, उद्यापासून तोही बंद. जे काय बघायचं ते आजच.

बघायची रीत अशी, की चकती कलती करायची. खारीचा ठिपका काळाच राहतो. पोलादाच्या आतली इजा असली तर तो फिका पडत नाहीसा होतो.

उरलेली चकती सूक्ष्मदर्शकात ठेवली. थोडी कलती केली, ठिपके होते तसेच. आणखी थोडी केली. कडेचे फिके पडायला लागले, मग मधले. दोन-चार हट्टी तेवढे राहिले. बाकी सगळे गेले, आणि चकती सरळ केली तसे परत आपापल्या जागी दिसायला लागले.

घरी पोचले आणि दारातच रडू कोसळलं. आई घाबरली. पोलाद खराब झालंय, आतून, खरंच खराब झालंय, एवढंच मला बोलता आलं. तिचा चेहरा उतरला. माझा हात धरून तिनं हळूच विचारलं, "तुझ्या हातानं नाय ना झालं?"

"नाय गं आई," मी म्हणाले. "माझ्या हातानं नाय झालं."