संडासच्या दाराबाहेर

परवा मी या ग्रुपवर विचारलं होतं, पाच वर्षांच्या मुलीला चार-चार दिवस संडास होत नाही, काय करू? तुम्ही सगळ्यांनी सांगितलं तसं केलं. भिजवलेल्या मनुका दिल्या, पपई दिली, बेंबीभोवती हिंग लावला. डॉक्टरांचं औषधही सुरू आहे. तरी पोट कडकच.

तिची आई जाऊन दोन महिने झाले. ते तेव्हा लिहायचं राहिलं.

आज सकाळी तिला बसवून मी डबा भरायला निघालो, तर म्हणाली, "बाबा, तुम्ही काहून जाता? आई तर बाहेर बसून बोलत राहायची."

मला हे माहीतच नव्हतं. त्या वेळेला मी रोज उमरेडच्या बसमध्ये असायचो.

बादली पालथी घालून दाराबाहेर बसलो.

"काय बोलू?"

"काही पण बोला नं."

मग माझ्या बसचे थांबे सांगायला लागलो. दिघोरीला कोण चढतं, विहीरगावला कोणाला खिडकीच पाहिजे असते. पाचगाव आलं आणि आतून आवाज आला, "बाबा, झाली."

तिला धुतलं, चड्डी घातली. ती खेळायला पळाली. मी परत त्या बादलीवर येऊन बसलो आणि उमरेडपर्यंतचे उरलेले थांबेही सांगून टाकले.

उद्या पुन्हा बसायचं आहे. तुमच्या घरी दाराबाहेर बसून काय बोलतात?