तेराव्याला राहून गेलेलं रडणं

"ताई, तुमच्या नसा ठणठणीत आहेत," जळगावचे डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले. "ही अँग्झायटी आहे, म्हणजे मनात दबलेली धास्ती. ती हातांतून बाहेर पडतेय. मानसोपचार घ्या."

कंपवात नाही, या आनंदात आमच्या यांनी बाहेर पडताच जिलेबी घेतली. मला मात्र राग आला. मी काय वेडी आहे?

चोपड्यात लग्नाकार्याला मी मांडे करते. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. आई गेल्यापासून हात थरथरायचे, मांडा फाटायचा. बोलावणी कमी झाली. हे काम सुटलं तर मी कोण, याचीच भीती वाटायची.

सायकोथेरपी म्हणजे बोलून केलेला उपचार. यांच्या आग्रहाने गेले. उपचार करणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिले तीन आठवडे मी हसत हसत त्यांना पुरण शिकवलं. त्या लिहून घेईनात, याचंही वाईट वाटलं.

चौथ्या वेळी त्यांनी विचारलं, "आई गेल्यावर किती रडलात?"

सवड कुठे होती? तेराव्याच्या गोडाच्या जेवणाला सगळे मांडे मीच केले. "पोर खमकी शे," म्हणून लोकांनी वाखाणलं. हेही मी हसतच सांगितलं.

मॅडमनी समोर रिकामी खुर्ची ठेवली. "इथे आई बसलीय. बोला तिच्याशी."

हा काय पोरखेळ, असं वाटलं. पण तोंडातून एकदम घरची बोली निघाली. "माय, तू गयी नि माले कोनी रडूबी दिधं नही!" मग हुंदके आवरेनात. आता या 'पुरे' म्हणतील, असं वाटत होतं. मॅडम म्हणाल्या, "रडा. मी आहे."

याला करेक्टिव्ह इमोशनल एक्स्पिरियन्स म्हणतात, हे नंतर कळलं. जुनं दुःख पुन्हा वर येतं, पण या खेपेला कुणी गप्प करत नाही. त्यातून माणूस बदलायला लागतो. त्या दिवशी बाहेर पडले तर सपाटून भूक लागली होती!

पुढे चार महिने जावं लागलं. हात स्थिरावले, बोलावणी परत आली. तुम्हालाही डॉक्टरांनी असं सुचवलं, तर लाजू नका. आणि माझ्यासारखं पुरण शिकवण्यात तीन आठवडे घालवू नका.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भावाकडे गेले. वहिनीने सवयीने खापर माझ्यापुढे सरकवलं. "वहिनी, आज तू कर. मी खासू," मी म्हटलं. तिचा पहिला मांडा जाड झाला, दुसरा फाटला. खाता खाता आईची आठवण आली आणि मी सगळ्यांसमोर रडले. मग नाक पुसलं आणि तिसरा मागितला.