न सोडलेल्या धुराचा हिशेब

निफाडचा पारा घसरल्याची बातमी वाचली की ते प्रकरण हटकून आठवतं आणि अजूनही हुश्श वाटतं. एक सरळ माणूस गजाआड जाता जाता राहिला.

निफाडजवळ द्राक्षबागायतदारांच्या सोसायटीनं स्वतःचं वीजघर उभारलं होतं. दिवसा सौरऊर्जा. एरवी छाटणीच्या काड्या दाबून केलेल्या कांड्या बॉयलरमध्ये जळत, वाफेवर वीज होई आणि उरलेल्या उष्णतेवर शीतगृह चाले. खरं तर कोळसा स्वस्त पडला असता. पण कोळसा टाळून जो धूर वाचतो त्याला हल्ली कार्बनच्या बाजारात दर मिळतो, आणि त्याच उत्पन्नावर सगळा डोलारा उभा होता. लबाडी सिद्ध झाली असती, तर ते उत्पन्न बंद आणि शीतगृहाला टाळं.

ऐन थंडीत आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. व्यवस्थापक कांड्या बाहेर विकतो आणि कोळसा जाळतो, म्हणे. पाठोपाठ सोसायटीच्या चेअरमनचा अर्ज आला, की कांड्यांचा ढीग कमी भरतोय. हेतू शोधायला लांब जायला नको होतं. स्वस्त कोळसा जाळायचा आणि न सोडलेला धूर विकायचा! म्हटलं, गडी भलताच हुशार दिसतोय.

व्यवस्थापक सटाण्याकडचा, तिशीतला. चौकशीला बोलावला, चहा पाजला. कोळशाचं विचारलं की ठाम नकार, कांड्यांचं विचारलं की मान खाली. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा जरा जास्तच बोलतो. हा तोंडाला कुलूप लावून बसलेला. बाहेर बाकावर त्याचे वडील होते. मी दिसलो की हात जोडून पोरासाठी अहिराणीत एकच वाक्य म्हणायचे, "मना आंडोर चोर नही शे, सायेब."

बॉयलरच्या राखेचा पंचनामा केला. कोळशाचा खडासुद्धा सापडला नाही, म्हणजे फोन पोकळ निघाला. पण ढीग तर कमी होताच. वरिष्ठांचा तगादा सुरू झाला, गुन्हा दाखल करा, अटक दाखवा.

त्याआधी चेअरमनचा जबाब घ्यावा म्हणून त्यांच्या बागेत गेलो. वेलींच्या ओळींमध्ये जागोजागी राख दिसली. तिकडे गारठा वाढला की घड वाचवायला पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. एके ठिकाणी राख पायानं सहज चाळवली, तर अर्धी जळलेली कांडी वर आली.

मी ती चेअरमनसमोर धरली. गारठ्याच्या त्या दिवसांत ते बाहेरगावी होते, त्यामुळे ते माझ्याहून चकित. मागून त्यांच्या पत्नी पुढं आल्या.

"मीच आणल्या, साहेब. लय गारठा व्हता, मणी तडकाया लागले व्हते. आख्ख्या शिवारानं नेल्या. शेकोटीचं जळण कोन इचारून नेतं? छाटणी झाली की काड्या परत घालणारच व्हतो."

चेअरमन मटकन बांधावर बसले. आपल्याच घरावर अर्ज केला होता गड्यानं! मला मात्र इतकं हलकं वाटलं की हसू आवरेना.

ठाण्यात येऊन व्यवस्थापकाला विचारलं, बाबा रे, बोलला का नाहीस? तेव्हा कुठं तोंड उघडलं.

"वीजघराचं फाटक मीच उघडलं, साहेब. सांगितलं असतं तर आख्खं गाव चोर ठरलं असतं. कांड्या उघड्यावर जळाल्या म्हटल्यावर कार्बनचा हिशेबही रद्द झाला असता."

त्याची दुसरी भीती फुकाची ठरली. कार्बनचा हिशेब तपासणाऱ्यांनी तेवढा भाग वजा केला आणि बाकीचा मान्य केला. गावानं काड्या आणून घातल्या. चेअरमननी अर्ज मागं घेतला, आम्ही प्रकरण निकाली काढलं. वडिलांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला.

त्या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. गप्प बसणारा दर वेळी स्वतःलाच वाचवत नसतो. आणि हेतू शोधण्याआधी त्या दिवशी हवा कशी होती, हे विचारावं.

परवा निफाडला पुन्हा कडाका पडला. सकाळी सकाळी व्यवस्थापकाचा फोन आला.

"साहेब, फाटक उघडलंय. पण या वेळी चेअरमनसाहेब स्वतः उभे राहून कांड्या मोजून देतायत."