आकडा आधी कोणी दाखवायचा

आमच्या टीममधल्या लोणंदच्या मुलीने सोमवारी सकाळी फोन करून सांगितलं की ती महिनाअखेर नोकरी सोडणार. कारण विचारलं तर म्हणाली, असंच. सहा वर्षं बरोबर काम केलेलं माणूस असंच कसं जाईल? पगाराबद्दल ती कधी बोलली नव्हती, भांडण तर आमच्यात झालंच नव्हतं. तिने जावं असं मला वाटत नव्हतं, पण थांबवायचं तर नक्की काय सांगून, हेच कळेना.

त्याच दिवशी आमचं स्क्रमचं, म्हणजे सॉफ्टवेअरचं काम टीमने मिळून आखायच्या पद्धतीचं, ट्रेनिंग सुरू झालं. कुपवाडच्या एका कारखान्याच्या माल-नोंदीचं सॉफ्टवेअर आम्ही चौघं सांभाळतो. टीमचा प्रमुख मी साताऱ्यात, दोघं सांगलीत आणि ती लोणंदला, सगळे घरूनच. आमच्या कंपनीच्या मालकांच्या मनात आलं की लांब लांब बसून काम करायचं तर नव्या पद्धतीने करावं. चार दिवस, स्क्रीनवर, आमचंच खरं काम हातात घेऊन. शिकवणारा पुण्याचा तरुण होता आणि फार हसायचा.

पहिल्या दिवशी त्याने सांगितलं, रोज सकाळी पंधरा मिनिटं उभं राहून आपापलं काम सांगायचं. मी बैठकीच्या खोलीत लॅपटॉपसमोर ताठ उभा राहिलो. बायको चहा घेऊन आली आणि विचारून गेली, राष्ट्रगीत लागलंय का. उभ्याने बोलल्यावर बोलणं आटोपशीर होतं म्हणे. मी उभ्यानेही अर्धा तास बोललो.

दुसऱ्या दिवशी पत्ते निघाले. कागदावर एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा असे आकडे लिहून ठेवायचे. हे तास नाहीत, दिवसही नाहीत, काम किती जड आहे त्याचं माप. मग किती दिवस लागणार ते कसं कळायचं, असं मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तो हसला आणि मला तिन्ही वेळा काही कळलं नाही. एकेक काम वाचायचं आणि एक-दोन-तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम पत्ता कॅमेऱ्याला दाखवायचा.

मी तीन दाखवला. क्षणभराने सगळ्यांचा तीन. पुढच्या कामाला माझा पाच, सगळ्यांचा पाच. मला तर बरं वाटलं. इतकी वर्षं एकत्र काम केलेली माणसं, एकमत असणारच. शिकवणाऱ्याचं हसू मात्र गेलं होतं. बाकीच्यांचे पत्ते उशिरा का येतात, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, लोणंदला रेंजचा त्रास आहे. सांगलीत कसला त्रास आहे, असं त्याने विचारलं. तेव्हा सांगलीचा एक जण चाचरत बोलला, "सरांचा आकडा दिसल्यावर आमी आमचा काढतो. लय वर्षांची सवय हाय."

यात वावगं काय, हे मला त्या दिवशी खरंच समजलं नाही. आमच्या घरी ऊस कधी तोडायचा हे थोरले चुलते बोलल्याशिवाय कुणी तोंड उघडत नसे. मीही कधी उघडलं नाही. त्याला आम्ही रीत म्हणायचो.

तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्याने प्रत्येकाला आकडा फक्त त्याच्याकडे लिहून पाठवायला सांगितला. काम होतं गोदामात आलेल्या मालाची नोंद मोबाइलवरून करायचं. त्याने आकडे वाचले. माझा तीन, सांगलीकरांचे आठ-आठ, लोणंदचा तेरा. वाचण्यात चूक झाली का, असं मी विचारलं. चूक नव्हती. ज्याचा सगळ्यात कमी आणि ज्याचा सगळ्यात जास्त, त्यांनी आधी कारण सांगायचं, असा नियम होता.

माझं कारण एका वाक्यात संपलं. दोनच तर स्क्रीन आहेत, त्यात काय एवढं. मग ती बोलायला लागली. गोदामात नेट नसतं, तेव्हा नोंदी फोनमध्येच साठवाव्या लागतील. जुन्या याद्यांत एकाच मालाची दोन-दोन नावं आहेत, ती आधी निस्तरायला हवीत. असं बरंच काही. त्यातलं अर्धं मला माहीतच नव्हतं. एवढी वर्षं मी उंटावरून शेळ्या हाकत होतो आणि त्याला अनुभव म्हणत होतो. मला लाज वाटली, आणि लाजेबरोबर तिचा थोडा रागही आला.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"आवं सर, तुमी तीन म्हटल्यावर तेरा कोण म्हणणार?" ती म्हणाली. "तीनचं काम मी रविवारी बसून उरकायचे. मला वाटायचं, मलाच जमत न्हाई."

नाही नाही, असं काही नाही, एवढं म्हणून मला सुटता आलं असतं. पण ते खोटं झालं असतं. "तुला जमत नाही, असं मलाही वाटायचं," मी म्हणालो. "मालकांपाशी तसं बोललोही होतो."

"ते माहीत हाय मला," ती म्हणाली. "म्हणून तर चाललेय."

महिनाअखेर ती गेली. गोदामाचं ते काम मी स्वतःकडे घेतलं, आणि ते अजून संपलेलं नाही.