गयाबाईचा हात

अंबरनाथच्या त्या छोट्या कारखान्यात गयाबाईच्या हाताला तोड नव्हती. काम दिसायला पोरखेळ: काडेपेटीएवढी पारदर्शक पट्टी काचेवर चिकटवायची. पण पट्टीच्या पोटात केसाहून बारीक वाटा. रक्त सोडलं की तांबड्या पेशी एका तोंडानं बाहेर पडायच्या आणि मोठ्या पांढऱ्या पेशी वेगळ्या होऊन दुसऱ्या तोंडाला लागायच्या. चिकटवताना धुळीचा एक कण राहिला, की पट्टी बाद. चामटोलीहून येणाऱ्या गयाबाईनं सहा वर्षांत तसा कण राहू दिला नव्हता.

माल पाठवण्याआधी दोन-चार पट्ट्या कारखान्यातल्याच कुणाच्या तरी ताज्या रक्तावर तपासायची तिथली रीत. सुई दिसली की एरवी छाती पुढे काढून फिरणाऱ्या बाप्यांना भलतीच कामं आठवायची. गयाबाई मात्र बोट पुढे करायची. "माज्या पट्ट्यांना माजंच रगत," म्हणायची. त्याचा तिला अभिमान होता.

दोन महिन्यांपूर्वी पट्ट्या तुंबायला लागल्या. पांढऱ्या पेशींच्या वाटेत रक्त अडून बसायचं. एक खेप बाद झाली, मग दुसरी. उन्मेषसाहेब भला माणूस, पण त्यालाही शेवटी म्हणावं लागलं, "मावशी, आता तिसरी गेली तर तुम्हाला पॅकिंगला बसवावं लागेल." गयाबाईनं नखं मुळापासून कापली, बांगड्या उतरवल्या, एकावर एक दोन टोप्या घातल्या. अंग कणकणायचं, जिना चढताना धाप लागायची. काळजीनं होतंय, असं तिनं ठरवून टाकलं. हातच गेला तर आपल्यात उरलं काय, या विचारानं तिला घास गिळवेना.

तिसरी खेपही तुंबली. गयाबाई स्टुलावर बसून ढसाढसा रडली.

तपासणी करणाऱ्या अस्मिताला ते बघवेना. तिनं स्वतःचं बोट टोचलं आणि त्याच खेपेतली पट्टी लावली. रक्त सरळ वाहिलं. बाद केलेल्या आधीच्या दोन खेपांतल्या पट्ट्या लावल्या. त्याही चालल्या.

"मावशी, पट्ट्या चांगल्या आहेत. सगळ्याच चांगल्या होत्या."

"म्हंजे माजा हात नाय गेला?"

"नाही."

गयाबाई ताडकन उठली. "बघा साहेब! मी बोलत नव्हते?" दोन महिन्यांनी ती हसली, तेही मोकळं, तोंडभरून.

उन्मेष हसला नाही. अस्मितानं तोवर गयाबाईच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. एरवी तुरळक दिसणाऱ्या पांढऱ्या पेशींची नुसती जत्रा भरली होती. रक्त दोन महिने सांगत होतं, आणि ही शहाणी माणसं पट्ट्या बाद करत बसली होती.

"मावशी, उद्या आपण उल्हासनगरला मोठ्या दवाखान्यात जाऊ," अस्मिता म्हणाली. "मी येते तुमच्यासोबत."

"दवाखान्यात कशाला? पट्ट्या बऱ्या हायेत, माजा हात बरा हाय. मंग खराब काय हाय, बाय?"

अस्मिताला रडू फुटलं, आणि गयाबाईला उत्तर मिळालं.