पहिल्या टाक्याची गळती

चंद्रावर माणसं पाठवायची तयारी करणाऱ्या त्या सरकारी कारखान्यात साहेबसुद्धा एकाच टेबलापाशी आवाज खाली आणत. ते टेबल टाकेबाईंचं. वय सत्तावन्न, चष्मा जाड, स्वभाव त्याहून कडक. चांद्रवीरांच्या हातमोज्याचं आतलं, हवा धरून ठेवणारं अस्तर त्या शिवत. बोटांच्या टोकांशी मशीन पोचत नाही, तिथं हातानंच टाके घालावे लागतात, आणि तीस वर्षांत ती टोकं बाईंनी दुसऱ्या कुणाला शिवू दिली नव्हती.

मोहीम दोन देशांची होती. शिवण इकडची, शिवणीवर बसवायची चिकटपट्टी तिकडची. उड्डाण दोनदा पुढे ढकललं होतं: एकदा इकडचं इंजिन चाचणीत फुटलं म्हणून, एकदा तिकडचं सरकार बदललं म्हणून. आता तिसरी तारीख जवळ आली आणि नेमके तेव्हाच हातमोजे गळायला लागले. हवा भरून ठेवले की तासाभरात दाबाचा काटा खाली. बाराच्या बारा.

इकडचे म्हणाले पट्टी खराब, तिकडचे म्हणाले शिवण खराब. पत्रांची भाषा इतकी गोड झाली की आता भांडण हातघाईवर येणार, हे शिपायालाही कळलं. पंधरा दिवसांत कारण सापडलं नाही तर करार मोडायचा, असं वरून ठरलं.

टाकेबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "पट्टी धड बनवता येत नाही आणि म्हणे माझी शिवण गळते!"

रविवारी त्या नवऱ्याच्या शर्टाला बटण लावत होत्या. नवरा निवृत्त बसचालक. बायकोला चिडवणं हे त्याचं उरलेलं एकमेव पूर्णवेळ काम.

"अगं, दोरा ओवतेस की चाखतेस?"

"टोक ओलं केल्याशिवाय सुईत जातं का कधी?"

"कारखान्यातही हेच?"

"अहो, तिथं तोंडाला मास्क असतो. क्षणभर खाली ओढायचा, की झालं," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात थांबला. बटण त्या दिवशी लागलं नाही.

सोमवारी त्यांनी गळके हातमोजे भिंगाखाली धरले. प्रत्येक बोटाला पट्टी सुटली होती ती पहिल्या टाक्यापाशी, दाण्याएवढी. आधी शिवणीवर गोंद लावत, त्याला थुंकीचं काही वाटत नसे. नव्या पट्टीला तेवढाही ओलावा सोसत नव्हता. खात्रीसाठी त्यांनी दोन तुकडे शिवले, एक ओल्या दोऱ्याचा, एक कोरड्या. कोरड्यावरची पट्टी चिमट्यानं ओढूनही सुटेना. बाईंना इतकी लाज वाटली की त्या बराच वेळ टेबलापासून उठल्याच नाहीत.

मग उठल्या आणि साहेबांकडे गेल्या. साहेबांनी ऐकून दार लावून घेतलं.

"बाई, पट्टीला ओलावा सोसत नाही, एवढंच लिहू. यात खोटं काय आहे? तुमचं नाव कशाला यायला हवं?"

"म्हणजे त्यांची पट्टी जाणार, करार मोडणार, आणि मी मात्र मास्क खाली ओढत बसणार. साहेब, तो हातमोजा घालून कुणाचं तरी पोर चंद्रावर उभं राहणार आहे. मला हे पचायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दोन्ही देशांच्या बैठकीत, पडद्यावरच्या वीस अनोळखी चेहऱ्यांसमोर त्या उभ्या राहिल्या. "मी दोऱ्याचं टोक थुंकीनं ओलं करते. नियम मोडून करते. चूक माझी आहे."

करार वाचला. तिसरी तारीख मात्र हुकलीच. आणि तिकडून अट आली: नवशिक्या मुली देतात ती परीक्षा टाकेबाईंनी द्यायची, तिकडच्या तपासनीस बाईंसमोर. तोवर उड्डाणाच्या कपड्याला हात लावायचा नाही. ज्या मुलींना त्यांनी रडकुंडीला आणलं होतं, त्यांच्याच रांगेत बसायचं.

"नको असेल तर आत्ताच निवृत्त व्हा," साहेब हळूच म्हणाले. "मानानं जाल."

"निवृत्ती आठ महिन्यांनी आहे, साहेब. परीक्षा कधी आहे ते सांगा."

तपासनीस बाई उंच, अबोल. दुभाष्यामार्फत चार शब्द बोलल्या आणि समोर बसल्या. एका जोडीचं कापड पुढ्यात आलं. टाकेबाईंनी मास्क घट्ट बांधला. कोरडा दोरा सुईच्या नाकाशी जाई आणि फाकून बाजूला होई. एकदा, दोनदा, दहादा. मागच्या मुलींचा श्वास ऐकू येत होता. बोटं आपोआप मास्ककडे निघत, बाई त्यांना परत आणत. शेवटी त्यांनी दोरा तिरका कापला, चिमटीत दाबून चपटा केला आणि पुन्हा धरला. गेला.

अंगठ्याचं टोक शिवायला दोन तास लागले. तपासनीस बाईंनी स्वतः पट्टी बसवली, अंगठ्याचं उघडं तोंड चिमट्यात बंद करून हवा भरली. मग दोघी एक तास त्या काट्याकडे बघत बसल्या. काटा जागचा हलला नाही.

तपासनीस बाईंनी कागदावर सही केली आणि काहीतरी पुटपुटल्या. दुभाष्या म्हणाला, "पास झालात. आज एवढं पुरे, थकला असाल, असं म्हणतात."

टाकेबाईंनी सुईत नवा दोरा ओवायला घेतला.

"त्यांना म्हणावं, उठू नका. अजून नऊ बोटं राहिलीत."