कानडे सर आणि दीर्घिकेच्या भुजा

चार मास्तर एका टेबलाभोवती दहा वर्षं चहा प्यायले, की किस्से साचणारच. आमच्या सोलापूरच्या कॉलेजातल्या फिजिक्स डिपार्टमेंटचे निम्मे किस्से एकट्या कानडे सरांचे! ते आमचे हेड, मी नवा लेक्चरर. साल असेल चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर.

*

एक्कावन्नाव्या वर्षी सरांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय : सर्पिल दीर्घिकांच्या भुजांमधल्या वायूची गती. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह, आणि भुजा म्हणजे त्यांचे भोवऱ्यासारखे वळलेले हात.

प्रिन्सिपॉल म्हणाले, "कानडे, आता या वयात कशाला?"

सर म्हणाले, "सूर्याला आकाशगंगेची एक फेरी मारायला वीसेक कोटी वर्षं लागतात. मी चारच मागतोय!"

*

सर आम्हाला चहाबरोबर विषय समजावायचे. "आतले तारे फेरी लवकर संपवतात, बाहेरचे मागे पडतात. मग भुजा कायम त्याच ताऱ्यांच्या असतील, तर इतक्या फेऱ्यांनंतर त्यांचं काय होईल?"

आम्ही तिघे एम.एस्सी. आपापल्या कपात बघू लागलो.

आमचे लॅब अटेंडंट मल्लय्यामामा दारात भिंगं पुसत होते. त्यांच्या घरात दोन हातमाग. ते म्हणाले, "काय हुनार? कांडीवर सूत बसल्यागत गच्च गुंडाळून बसतील की! हात कुटं दिसायचे मग?"

सर उठले आणि त्यांनी मामांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. "हेच कोडं आहे. आणि हे मला समजायला सहा महिने लागले होते!"

*

कोड्याचं उत्तर सांगायला सरांनी एस.वाय.चा वर्ग गच्चीवर नेला. खाली नळासाठी रस्ता खोदलेला. टांगे, सायकली, बैलगाड्या तिथे येऊन हळू व्हायच्या, दाटायच्या, मग सुटायच्या.

"दाटी तिथेच आहे ना? पण गाड्या?"

"बदलतायत, सर!"

"भुजा म्हणजे ही दाटी. ती लाट आहे. तारे आणि वायू तिच्यात शिरतात आणि बाहेर पडतात. शिरताना वायूचा वेग कसा बदलतो तेवढं मोजा, भुजा आपणहून सगळं सांगते!"

तेवढ्यात प्रिन्सिपॉल वर आले. "कानडे, हा फिजिक्सचा तास आहे की ट्रॅफिक पोलिसाचा?"

"आज दोन्ही, सर!"

*

दुर्बीण नाही, कॉम्प्युटर नाही. लॉग टेबल घेऊन सरांनी दोन वर्षं हातानं गणितं केली. लाटेमुळे वायूचा वेग कुठे किती बदलायला हवा, याचे तक्ते. परदेशी जर्नल बघायला महिन्याकाठी पुण्याला जायचे.

एका सोमवारी ते परतले. मग जर्नलमधून उतरवून आणलेले आकडे टेबलावर ठेवले. परदेशात कोणीतरी मोठ्या रेडिओ दुर्बिणीनं दीर्घिकेतल्या हायड्रोजनचे वेग मोजले होते. शेजारी गणितंही होती. सरांचीच! फक्त दुसऱ्या कोणीतरी आधीच करून छापलेली.

मी म्हटलं, "सर, फार वाईट झालं."

"वाईट काय? अरे, माझं उत्तर बरोबर आलंय!"

मग तोंड धुवायला गेले. बराच वेळ नळ वाहत होता.

*

तरी आठवडाभर सर ते आकडे स्वतःच्या तक्त्यांशी ताडून बघत होते. एका ओळीत जवळ येणारा वायू दूर जाणारा दाखवलाय, असं त्यांना वाटलं. मला पुन्हा पुण्याला पाठवून मूळ पान तपासून घेतलं. तिथेही तसंच! सरांनी त्या परदेशी लेखकांना पत्र टाकलं. आम्ही मनात म्हटलं, कोण बघतंय सोलापूरचं पत्र!

तीन महिन्यांनी पाकीट आलं. सगळं डिपार्टमेंट गोळा झालं. सरांनी मोठ्यानं वाचलं, "अधिक-उण्याचं चिन्ह आमचंच चुकलं होतं. दुरुस्ती तुमच्या नावानिशी छापतो आहोत. तुमचे सगळे तक्ते पाठवाल का?"

बेल झाली. सरांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं, खडू उचलला आणि ते निघाले.

आनंदाच्या भरात आपला वर्ग विसरून ते थेट बी.ए.च्या मराठीच्या वर्गात शिरले आणि पाऊण तास दीर्घिकेच्या भुजा शिकवून आले! एकही पोर उठलं नाही. मराठीच्या बाई शेवटच्या बाकावर बसून होत्या. हजेरीसुद्धा त्यांनी सरांनाच घेऊ दिली!